खालची पायरी

निवृत्तीविषयी आपल्याकडे एक वचन फार लोकप्रिय आहे. लोक ‘का जाता?’ असे विचारीत आहेत तोवरच जावे. ‘का जात नाही?’ असे विचारण्याची वेळ त्यांच्यावर आणू नये. निरोपसमारंभाच्या भाषणांतून हे वचन इतक्या वेळा कानांवर पडते की त्याच्या खरेपणाविषयी शंका घेणे असभ्यपणाचे वाटावे. तरीही त्यात एक गृहीत दडलेले आहे. माणसापुढे दोनच वाटा असतात, वर राहणे किंवा निघून जाणे, असे ते धरून चालते. खाली उतरावे आणि तेथेच आपले काम करीत राहावे, ही तिसरी वाट त्याच्या हिशेबात धरलेलीच नाही. जणू ती वाट लाजिरवाणी आहे आणि सभ्य माणसांत तिचा उच्चारही होऊ नये!

या तिसऱ्या वाटेचा विचार करू लागलो की जपानमधील सुमो कुस्ती माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. प्रचंड देहाचे दोन मल्ल एकमेकांवर आदळतात आणि क्षणार्धात निकाल लागतो, एवढीच आपली या खेळाशी ओळख असते. परंतु व्यावसायिक सुमो मल्लाचे जीवन जवळून पाहिले तर तो चढउताराचा उघड्यावर मांडलेला जमाखर्च आहे, असे दिसून येते. आपण सामान्य माणसे आपली घसरण चार भिंतींआड झाकून ठेवू शकतो. सुमो मल्लाला ती सोय नाही. वर्षातून सहा वेळा त्याची पायरी कागदावर लिहून जगापुढे ठेवली जाते.

कागदावरची उतरंड

सुमोचा आखाडा म्हणजे मातीचा उंच चौथरा आणि त्यावर भाताच्या पेंढ्याच्या वळकट्यांनी आखलेले ४.५५ मीटर व्यासाचे वर्तुळ. पायाच्या तळव्यांखेरीज शरीराचा कोणताही भाग मातीला लागला, किंवा वर्तुळाबाहेर पाऊल पडले, की हार. येथे वजनी गट नाहीत. शंभर किलोचा मल्ल दोनशे किलोच्या मल्लापुढे उभा राहू शकतो. १९५८ सालापासून वर्षाला सहा मोठ्या स्पर्धा होतात. जानेवारी, मे आणि सप्टेंबर महिन्यांतील स्पर्धा टोकियोला, मार्चमधील ओसाकाला, जुलैमधील नागोयाला आणि नोव्हेंबरमधील फुकुओकाला. प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवस चालते.

मल्लांच्या सहा श्रेणी आहेत. सर्वांत वरच्या श्रेणीत ४२ आणि दुसऱ्या श्रेणीत २८, असे मिळून सत्तर मल्ल एका स्पर्धेत पंधरा लढती खेळतात. खालच्या चार श्रेणींतील शेकडो मल्लांना सात लढती मिळतात. हिशेब साधा आहे. पंधरांपैकी आठ किंवा सातांपैकी चार लढती जिंकल्या तर पायरी वर सरकते. त्याहून कमी जिंकल्या तर खाली. नवी यादी प्रत्येक स्पर्धेपूर्वी प्रसिद्ध होते. तिला ‘बान्झुके’ म्हणतात. ती कुंचल्याने हाताने लिहिलेली असते. वरच्या मल्लांची नावे ठसठशीत, आणि पायरी उतरत जाईल तसतशी अक्षरे बारीक होत जातात. शेवटच्या श्रेणीतील नावे वाचणे इतके कठीण की त्या श्रेणीला बोलीभाषेत ‘भिंग’ असे नाव पडले आहे.

अक्षराची जाडी हा काही शोभेचा प्रश्न नव्हे. वरच्या सत्तर मल्लांना मासिक वेतन मिळते, सेवेला कनिष्ठ मल्ल मिळतात, स्पर्धेत रेशमी लंगोट नेसता येतो. उरलेल्यांना मासिक वेतन नाही, स्पर्धेगणिक थोडासा भत्ता तेवढा मिळतो. ते काळ्या सुती लंगोटात लढतात. आपल्याकडील तालमीत वस्तादाच्या धाकात वाढणाऱ्या पोरांची ज्यांना कल्पना आहे, त्यांना हे जीवन अगदीच परके वाटणार नाही. पहाटे उठून सराव करावा, झाडलोट करावी, सर्वांसाठी रांधावे, वरिष्ठांना वाढावे, आणि त्यांचे जेवण झाले की उरलेल्यावर आपण बसावे. वरिष्ठांची अंघोळ आधी, कनिष्ठांची नंतर. थंडीच्या दिवसांतही खालच्या मल्लांच्या अंगावर पातळ सुती झगाच असतो. एका पायरीच्या अंतराने माणसाचे जेवण, झोप, वस्त्र आणि नाव, सर्व बदलते.

आता दुखापतीचे पाहू. १९७२ पासून २००३ च्या अखेरीपर्यंत, आखाड्यात जायबंदी झालेल्या मल्लाला एका स्पर्धेपुरते पायरीचे संरक्षण मिळत असे. पुढे या सवलतीचा गैरफायदा घेतला जातो, असे वाटून ती रद्द करण्यात आली. तेव्हापासून दुखापतीमुळे गैरहजर राहिलेला दिवस हरलेल्या दिवसासारखाच मोजला जातो. गुडघा मोडलेला मल्ल रुग्णालयात पडून असतो आणि इकडे त्याचे नाव यादीत बारीक होत जाते.

या उतरंडीच्या माथ्यावर दोन पदे आहेत. ओझेकी हे दुसरे, आणि योकोझुना हे सर्वोच्च. ओझेकी सलग दोन स्पर्धांत निम्म्याहून अधिक लढती हरला तर त्याचे पद जाते. योकोझुनाचे पद मात्र कधीच जात नाही. त्याला खाली उतरवण्याची तरतूदच नाही. ऐकताना हा केवढा बहुमान वाटतो! पण त्याची दुसरी बाजू अशी की त्याला खाली उतरताही येत नाही. त्या पदाला शोभेल असा खेळ होईनासा झाला की त्याच्यापुढे एकच दार उघडे राहते, निवृत्तीचे.

हा नियम बदलण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. १९५० च्या जानेवारीत तीन योकोझुना स्पर्धा अर्धवट सोडून गेले, तेव्हा प्रेक्षकांत नाराजी पसरली आणि सुमो संघटनेने योकोझुनालाही पदावरून उतरवण्याचा नियम जाहीर केला. त्यावर इतकी टीका झाली की तो मागे घ्यावा लागला. त्याऐवजी बाहेरच्या प्रतिष्ठित व्यक्तींची एक सल्लागार समिती त्याच वर्षी नेमण्यात आली. या पदासाठी कोण योग्य आहे, याचा विचार ती करते. त्यात मल्लाचे बळ पाहिले जाते, आणि बळाच्या जोडीला त्याचे शील. पद टिकले, शिडी मात्र एकाच दिशेची राहिली.

ओसाकामधील एक रविवार

आपला प्रश्न आता दोन माणसांच्या आयुष्यांतून पाहू.

२०१७ च्या जानेवारीत किसेनोसातो हा मल्ल योकोझुना झाला. या पदावर चढलेला तो ७२ वा. पंधराव्या वर्षी तालमीत आलेला, अबोल, चिवट. कितीतरी वेळा विजेतेपदाच्या उंबरठ्यावरून परत फिरलेला. त्याआधी १९ वर्षे जपानमध्ये जन्मलेला एकही मल्ल या पदावर चढला नव्हता. त्या काळातील सारे नवे योकोझुना परदेशांत जन्मलेले होते. साहजिकच साऱ्या देशाच्या आशा या एका माणसाच्या खांद्यावर येऊन बसल्या.

मार्चमध्ये ओसाकाला योकोझुना म्हणून त्याची पहिली स्पर्धा होती. पहिले बारा दिवस तो अजिंक्य राहिला. तेराव्या दिवशी तो आखाड्याखाली फेकला गेला आणि त्याच्या डाव्या खांद्याला व छातीला जबर दुखापत झाली. आता तो माघार घेणार असे सर्वांना वाटले. तो मात्र चौदाव्या दिवशी उतरला आणि हरला. पंधराव्या दिवशी, २६ मार्चला, त्याच्यापुढे तेरुनोफुजी होता. तेरुनोफुजी एका विजयाने पुढे होता. म्हणजे विजेतेपदासाठी किसेनोसातोला एकाच दिवशी त्याला दोनदा हरवावे लागणार होते, आधी नियमित लढतीत आणि मग निर्णायक लढतीत. जवळजवळ एका हाताने त्याने ते दोनदा केले. राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा तो धीरगंभीर माणूस रडत होता, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षागृहही.

ही कथा येथे संपवली तर ती शौर्याची कथा होईल. आपण बहुधा येथेच संपवतो. पण त्या वर्तुळात दुसराही एक माणूस होता.

तेरुनोफुजी १९९१ साली मंगोलियाची राजधानी उलानबातर येथे जन्मला आणि शाळकरी वयात जपानला आला. अंगात अफाट ताकद. २०१५ च्या मे महिन्यात, तेवीस वर्षांच्या वयात, पहिले विजेतेपद मिळवून तो ओझेकी झाला. प्रतिस्पर्ध्याला कवेत घ्यायचे आणि ताकदीच्या बळावर उचलून बाहेर ठेवायचे, ही त्याची रीत. ती गुडघ्यांना महाग पडली. २०१७ च्या त्या रविवारी त्याचेही गुडघे पट्ट्यांनी बांधलेले होते. आदल्या दिवशी त्याने कोतोशोगिकू या लोकप्रिय मल्लाला समोरून न भिडता बाजूला सरून हरवले होते. हे नियमबाह्य नव्हते. पण मोठ्या पदाच्या मल्लाला ते शोभत नाही, असा संकेत आहे. शिवाय त्या पराभवाने कोतोशोगिकूची ओझेकीपद परत मिळवण्याची संधी हुकली. प्रेक्षकांनी तेरुनोफुजीची हुर्यो उडवली. ‘मंगोलियाला परत जा’ असेही कोणी ओरडले.

एकाच वर्तुळात दोन जखमी माणसे उभी होती. एकाची वेदना साऱ्यांना दिसली आणि ती पराक्रम ठरली. दुसऱ्याची वेदना कोणाला पाहायची नव्हती. दुःख सोसण्याचे मोल ते कोण सोसतो यावर ठरावे, ही मला या प्रसंगातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते.

आणि ज्याचे कौतुक झाले त्याचे तरी भले झाले काय? असाच एक प्रसंग २००१ च्या मे महिन्यात घडला होता. योकोझुना ताकानोहानाचा उजवा गुडघा चौदाव्या दिवशी दुखावला होता. तो शेवटच्या दिवशीही उतरला, नियमित लढत हरला, पण निर्णायक लढत जिंकून त्याने बाविसावे विजेतेपद मिळवले. पंतप्रधान कोइझुमी यांनी चषक देताना त्याच्या सहनशक्तीची भारावून प्रशंसा केली. तो क्षण जपानी लोकांच्या स्मरणात राहिला. त्यानंतर ताकानोहाना सलग सात स्पर्धा खेळू शकला नाही आणि २००३ च्या जानेवारीत निवृत्त झाला. ते विजेतेपद त्याचे शेवटचे ठरले. किसेनोसातोचेही तसेच झाले. ओसाकानंतर सलग आठ स्पर्धांतून त्याला माघार घ्यावी लागली किंवा दूर राहावे लागले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्याने कशीबशी दहा लढतींची मजल गाठली. नोव्हेंबरमध्ये पुन्हा पराभव आणि माघार. २०१९ च्या जानेवारीत पहिल्या तिन्ही लढती तो हरला आणि १६ जानेवारीला, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. आपल्या मल्लजीवनाची कणभरही खंत नाही, असे सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

‘मोडेन पण वाकणार नाही’ या बाण्याचे आपल्याला फार कौतुक. पण मोडणारा माणूस दुसरा असतो आणि कौतुक करणारे आपण असतो, याची आठवण क्वचितच ठेवली जाते. सोसणे हा सद्गुण खरा. मात्र त्याला टाळ्या वाजवण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. हा माणूस कशासाठी सोसतो आहे? आणि न सोसण्याची मोकळीक त्याला होती काय? योकोझुनाला ती फारशी नव्हती. थांबला तर पदाचा अवमान, खेळला तर शरीराचा नाश. आणि एखाद्या खालच्या पायरीवर वर्षभर राहून बरे होण्याचा मार्ग नियमानेच बंद केलेला.

सकाळचा आखाडा

तेरुनोफुजीसाठी तो मार्ग उघडा होता. अर्थात त्या वेळी तो त्याला मार्ग वाटला नसणार, कडेलोट वाटला असणार.

२०१७ सरण्याआधीच त्याचे ओझेकीपद गेले. २०१८ मध्ये तो पहिल्या श्रेणीतून दुसरीत आला, आणि तेथूनही खाली. वेतन थांबले, सेवेकरी गेले. गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यात मधुमेह, मूतखडे आणि यकृताचा आजार. त्याने आपल्या गुरूंकडे निवृत्तीची परवानगी मागितली. एकदा नव्हे, अनेकदा. त्याचे गुरू इसेगाहामा हे स्वतः १९९० साली योकोझुना झालेले मल्ल. त्यांनी परवानगी दिली नाही. आधी शरीर बरे कर, पुढचे मग पाहू, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

हा नकार दयेचा की हट्टाचा, असा प्रश्न येथे उभा राहतो. थकलेल्या माणसाला जाऊ न देणे हीदेखील क्रूरता असू शकते. मला तर वाटते की दोहोंतील फरक नकाराच्या शब्दांत नसतो, त्यानंतर काय मागितले जाते त्यात असतो. ‘परत वर चढून दाखव’ अशी अट घातली असती तर ते ओझे झाले असते. येथे मागणी होती ती बरे होण्याची. म्हणजे तुझे पद गेले तरी या घरात तुझी जागा आहे, हे सांगण्याचाच तो एक प्रकार होता.

२०१९ चा मार्च महिना. पुन्हा ओसाकाच. दोन वर्षांपूर्वी ज्या शहरात तो विजेतेपदापासून एका लढतीवर उभा होता, त्याच शहरात तेरुनोफुजी पाचव्या श्रेणीत, ४८ व्या क्रमांकावर, आखाड्यात उतरला. त्याच्या खाली आता एकच श्रेणी उरली होती. या श्रेणीच्या लढती सकाळी होतात. बहुतेक आसने तेव्हा रिकामी असतात. संध्याकाळच्या गर्दीपुढे रेशमी लंगोटात उभा राहिलेला माणूस रिकाम्या खुर्च्यांपुढे काळ्या सुती लंगोटात उभा राहिला. एकदा ओझेकी झालेला मल्ल इतका खाली येऊन पुन्हा लढला, असे आधुनिक सुमोच्या इतिहासात पूर्वी घडले नव्हते. ज्यांची तशी वेळ आली असती, ते आधीच निघून गेले होते.

तो सातही लढती जिंकला, आणि श्रेणीच्या विजेतेपदासाठी झालेली निर्णायक लढत हरला. म्हणजे तेथेही, जवळजवळ तळाशी, त्याच्या वाट्याला पराभव आला. पुढे तो पायरी पायरीने चढत गेला. २०२० च्या जानेवारीत पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये पहिल्या श्रेणीत, अगदी तळाच्या पायऱ्यांवर, त्याचे नाव पुन्हा लिहिले गेले, आणि त्याच स्पर्धेत त्याने तेरा लढती जिंकून विजेतेपद मिळवले. पहिल्या आणि दुसऱ्या विजेतेपदांत पाच वर्षांचे अंतर पडले. २०२१ मध्ये तो पुन्हा ओझेकी झाला आणि २१ जुलैला ७३ वा योकोझुना. पद स्वीकारताना त्याने अविचल मनाचा उल्लेख केला. असा शब्द अनेकजण उच्चारतात. तळाची माती पाहून आलेल्या माणसाच्या तोंडी त्याला वजन येते.

दोन आक्षेप

येथवर वाचून कोणी म्हणेल, अखेर तो वर चढला म्हणूनच तुम्ही त्याचे उतरणे वाखाणता. चढला नसता तर? हा आक्षेप रास्त आहे. परतलेल्यांच्याच कथा सांगितल्या जातात. न परतलेल्यांची नावे बारीक अक्षरांत विरून जातात. म्हणून तेरुनोफुजीचे मोल ठरवायचे तर ते २०२१ च्या जुलैमध्ये न ठरवता २०१९ च्या त्या सकाळी ठरवायला हवे. पुढे काय होणार हे तेव्हा कोणालाच, त्यालाही, ठाऊक नव्हते. त्या सकाळी तो एक आजारी, उतरलेला मल्ल होता आणि समोरच्या मल्लाशी तो नीट लढला. एवढेच. त्यानंतर तो कधीच वर आला नसता तरी त्या सकाळची किंमत कमी झाली नसती.

याला आधार म्हणून मी आणखी एका मल्लाकडे बोट दाखवतो. त्याचे नाव हानाकाझे. तो १९८६ च्या मार्चमध्ये सुमोत आला आणि २०२२ च्या जानेवारीत, ५१ व्या वर्षी, निवृत्त झाला. जवळजवळ छत्तीस वर्षे तो आखाड्यात उतरत राहिला. वेतन मिळणाऱ्या सत्तरांत तो एकदाही पोहोचला नाही. वरून चौथ्या श्रेणीपलीकडे त्याची मजल गेली नाही. चढउताराच्या हिशेबाने पाहिले तर हे जीवन अपयशी म्हणावे लागेल. मात्र आपल्या मुलाच्या वयाच्या मल्लांपुढे वाकून, मूठभर मीठही न उधळता (मीठ उधळण्याचा मान सहसा वरच्यांचा), वर्षानुवर्षे तीच लढत मनापासून करणाऱ्या या माणसाला अपयशी म्हणताना जीभ अडखळते. त्याची प्रतिष्ठा पायरीवर अवलंबून असती तर ती केव्हाच संपली असती. ती त्याच्या कामात होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही पदे व्यक्तीची नसतातच, असे त्यात म्हटले जाते. योकोझुनाच्या कमरेला जो जाड पांढरा दोर बांधतात, तशाच दोराने जपानी देवस्थानांतील पवित्र स्थळे वेढलेली असतात. तो दोर कोणा एकाचा नव्हे. तो पूर्वीच्यांकडून आला आणि पुढच्यांकडे जायचा आहे. तो बांधलेला माणूस रोज हरताना दिसला तर त्या विश्वासालाच तडा जाईल. म्हणून न्यायाधीश, शिक्षक, वडीलधारी अशा माणसांनी दुबळेपणी पदाला चिकटून राहू नये. हे मला मान्य आहे. पद ही ठेव आहे. ती सांभाळता येईनाशी झाली की परत करावी. किसेनोसातोने ती परत केली, आणि तेही वेळ निघून गेल्याची बोचरी टीका सोसून.

परंतु ठेव परत करणे आणि माणूस संपणे या दोन गोष्टी एक का व्हाव्यात? येथेच योकोझुनाचा नियम मला अपुरा वाटतो. ज्या पायरीवरून खाली येता येते, त्या पायरीवर माणसाला चुकण्याची, आजारी पडण्याची, पुन्हा उठण्याची मुभा असते. जेथून खाली येता येत नाही तेथे सन्मान अमर्याद असतो, पण क्षमा नसते. पदावनतीचा नियम आपल्याला कठोर वाटतो आणि अढळपदाचा नियम उदार. नीट पाहिले तर उलटेच दिसते. तेरुनोफुजीला ज्या नियमाने सकाळच्या रिकाम्या प्रेक्षागृहात नेऊन उभे केले, त्याच नियमाने त्याला परतीची वाटही ठेवली. शिडी दोन्ही दिशांना जाते, यातच तिची दया आहे.

आणि नियतीचा खेळ असा की पुढे तेरुनोफुजीही त्याच एका दाराशी येऊन उभा राहिला. योकोझुना म्हणून त्याच्या गुडघ्यांनी त्याला पुन्हा पुन्हा दगा दिला. कितीतरी स्पर्धा त्याला सोडाव्या लागल्या. २०२४ च्या जुलैमध्ये त्याने दहावे विजेतेपद मिळवले आणि २०२५ च्या जानेवारीत, स्पर्धा चालू असतानाच, तो निवृत्त झाला. आता खालची पायरी त्याच्यासाठीही उरली नव्हती. किसेनोसातोला मात्र दुसरी एक पायरी सापडली. तो निशोनोसेकी तालमीचा गुरू झाला. ओनोसातो हा त्याचा शिष्य २०२५ च्या मे महिन्यात ७५ वा योकोझुना झाला. दोर पुढच्याकडे गेला. शिकवणे हेही आखाड्याच्या बाहेर उतरून केलेले कामच, आणि त्यात कमीपणा आहे असे कोणी म्हणत नाही.

पाहणाऱ्यांचे कर्तव्य

आपली आयुष्ये सुमो मल्लांइतकी उघडी नसली तरी उतरंड आपल्याकडेही आहे. मोठ्या हुद्द्यावरची नोकरी गेल्यावर लहान काम पत्करणारा बाप, परीक्षेत नापास होऊन आपल्याहून लहान मुलांबरोबर त्याच वर्गात पुन्हा बसणारी मुलगी, आजारपणानंतर वाद्यवृंदात पुढच्या जागेवरून मागच्या जागेवर सरकलेला वादक, संस्थेचे अध्यक्षपद सोडल्यावर सतरंज्या उचलू लागणारा कार्यकर्ता. अशा माणसांकडे आपण कसे पाहतो? बहुतेक वेळा आपल्या तोंडून ‘अरेरे’ निघते. ती हळहळ आपल्याला सहानुभूतीची वाटते. पण ऐकणाऱ्याला तिचा अर्थ एवढाच कळतो, की तू येथे शोभत नाहीस. वर राहा किंवा निघून जा. असे अनेक ‘अरेरे’ जमले की माणूस घराबाहेर पडणे टाळू लागतो. खालची पायरी नियमाने उघडी असूनही आपल्या नजरांनी ती बंद केलेली असते.

ओसाकातील त्या रिकाम्या सकाळी तेरुनोफुजीपुढे जो तरुण मल्ल उभा राहिला असेल, त्याने काय केले असेल? त्याने ओझेकीवर दया केली नाही. करता येतही नाही. त्याने वाकून नमस्कार केला, दोन्ही मुठी मातीला टेकवल्या आणि आपल्या सर्व ताकदीनिशी तो त्याच्यावर धावून गेला. उतरून आलेल्या माणसाचा याहून मोठा सन्मान नसावा. तो जेथे आला आहे ती जागा खरी आहे, तेथले काम खरे आहे आणि ते करणारा म्हणून तो बरोबरीचा आहे, हे त्या एका धडकेत सांगून झाले.

आपल्याकडेही असे कोणी उतरून येईल तेव्हा त्याला बसायला जागा करून द्यावी, हातात काम द्यावे आणि ते काम चोख मागावे. त्याचे जुने पद त्याला वारंवार आठवून देऊ नये. एक दिवस आपल्यालाही त्या पायरीवर पाऊल ठेवायचे आहे. ती तोवर झाडून, स्वच्छ ठेवलेली बरी.